जाताना तीस, येताना वीस

दीक्षा घरी सराव-पेपर सोडवत होती तेव्हा मी तिच्या मागे उभी राहून कपड्यांच्या घड्या घालत होते. घड्या आतल्या खोलीतही घालता आल्या असत्या. हेमा मॅडमचा नियम सरळ होता: पेपर घरी सोडवायचा, वेळ पालकांनी लावायची, पण शेजारी बसायचं नाही आणि मदत अजिबात करायची नाही. मी शेजारी बसले नव्हते. उभी होते.

मॅडमचा क्लास कसबा पेठेत आहे. आठवीच्या शिष्यवृत्तीसाठी मुलं तिथे लांबलांबून येतात. आम्हीच धायरीहून जातो, स्वारगेटला बस बदलून. या पेपरवरून मॅडम मोजक्या मुलांची रविवारची तुकडी निवडणार होत्या. माझा नवरा समाधान म्हणाला होता, "नाही झाली निवड तर काय आभाळ कोसळणारे का?" त्याला असं म्हणायला काय जातं. पण दीक्षाला ती तुकडी हवी होती. नाच, चित्रकला, पोहणं, सगळीकडे आजवर मी तिला ढकलत नेलं. ही पहिली गोष्ट तिनं स्वतःहून मागितली होती, आणि त्यामुळेच असेल, मला तिच्यापेक्षा जास्त धाकधूक होती.

प्रश्न असा होता. एक बस ताशी तीस किलोमीटर वेगाने एका गावाला गेली आणि त्याच रस्त्याने ताशी वीस किलोमीटर वेगाने परत आली. संपूर्ण प्रवासाचा सरासरी वेग किती? दीक्षानं क्षणभर छताकडे पाहिलं आणि चोवीसचं वर्तुळ रंगवलं.

"दीक्षू, अगं, तीस आणि वीसची सरासरी चोवीस कशी येईल?"

"आई, तू जा ना आत."

"पन्नास भागिले दोन. चौथीतलं पोर सांगेल."

"तसं नसतं ते. येताना बस हळू..."

"वाद नको घालूस, वेळ चाललाय. खोड ते."

तिनं खोडलं. पंचवीसचं वर्तुळ रंगवताना पेन्सिल जरा जास्तच दाबली, एवढं माझ्या लक्षात आलं होतं. मी बीकॉमला फर्स्ट क्लास होते. सरासरीवर मला कोण काय शिकवणार?

निकाल आला आणि तुकडीत दीक्षाचं नाव नव्हतं. एका प्रश्नानं हुकलं होतं. उत्तरसूचीत पाहिलं तर त्या बसच्या प्रश्नापुढे चोवीस छापलेलं. माझं डोकंच फिरलं. पालकांच्या ग्रुपवर मी सगळी रीत मांडून लिहिलं: "आदरणीय मॅडम, सदर प्रश्नाचे उत्तर २५ आहे. सूचीतील चुकीमुळे कष्टाळू मुलांचे नुकसान होऊ नये, ही नम्र विनंती." भराभर अंगठे आले. शौनकचे बाबा, अभय, यांनी तर लिहिलं, "शंभर टक्के सहमत. आयटीत वीस वर्षं काढली, एवढं तर कळतं." शौनकचाही तोच प्रश्न चुकला होता.

मॅडमचं उत्तर एका ओळीचं होतं. "शनिवारी या. फळा आहे."

दीक्षा शाळेतून आली आणि माझा फोन बघून पांढरीफटक पडली. "हे कशाला टाकलंस? डिलीट कर."

"का? हक्काचे गुण आहेत तुझे."

"आई, प्लीज. मी तुला नंतर सांगते, पण आधी काढ ते."

"आता काढलं तर घाबरले असं वाटेल," मी म्हटलं. ती दप्तर तिथेच टाकून आत निघून गेली. मला वाटलं, मुलगी बुजरी आहे, आईनंच तिच्यासाठी उभं राहायला हवं.

शनिवारी वर्गात मुलं बाकांवर होती आणि आम्ही पालक भिंतीला टेकून उभे. हेमा मॅडम निवृत्त शिक्षिका, आवाज बारीक, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. त्यांनी खडू माझ्यापुढे धरला.

"या, दीक्षाच्या आई. आज शिकवायचं काम तुमच्याकडे. गाव किती लांब आहे?"

"ते दिलेलं नाहीये."

"मग आपण धरू. साठ किलोमीटर. जायला किती तास?"

मी फळ्यावर लिहिलं. "दोन."

"यायला?"

"साठ भागिले वीस... तीन."

"एकूण अंतर?"

"एकशेवीस."

"एकूण तास?"

पाच लिहितानाच मला दिसलं. पुढचा भागाकार करायची गरज नव्हती. मानेमागून काहीतरी ऊन ऊन वर चढत गेलं.

"भागा की," मॅडम म्हणाल्या. "एवढं आलात."

"चोवीस!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं.

"साठ धरल्यामुळे आलं असेल तसं," शौनकचे बाबा म्हणाले.

"मग तुम्ही नव्वद धरा, अभयराव. जायला तीन तास, यायला साडेचार. एकशेऐंशी भागिले साडेसात. करा तोंडी, आम्ही थांबतो. वीस वर्षं थांबावं लागणार नाही अशी आशा आहे."

पोरं खिदळली. अभयराव फोनवर काहीतरी करू लागले आणि मग त्यांनी तो खिशात ठेवला.

मॅडम मुलांकडे वळल्या. "बस वीसच्या वेगानं जास्त वेळ चालली, म्हणून सरासरी वीसच्या बाजूला सरकली. दोन्ही वेगांनी सारखाच वेळ चालली असती, तर पंचवीस. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये बस रांगते तेव्हा प्रवासाचा किती मोठा तुकडा त्यात जातो, हे धायरीकरांना मी काय सांगायचं?"

मी खडू ठेवायला जागा शोधत होते. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मला कोडं वेगळंच पडलंय. दीक्षा, असंच आगगाडीचं गणित तू इथं सगळ्यांना समजावून सांगितलं होतंस. मग पेपरात काय झालं?"

दीक्षा उभी राहिली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, हे फक्त मला कळलं.

"घाईत चुकलं, मॅडम."

"घाईत? तू?"

"हो. मला वाटलं, सोप्पंय. माझंच चुकलं."

"येत असलेलं घालवायचं, वर आयांनी येऊन भांडायचं," अभयराव भिंतीपाशी बोलले. शौनक तोंडावर हात धरून हसला. "धांदरट आहेस," मॅडम म्हणाल्या, "बस खाली."

तिथेच संपलं असतं. मी गप्प राहिले असते तर कुणाला कधी कळलं नसतं. माझी तेरा वर्षांची मुलगी माझ्यासाठी वर्गासमोर धांदरट ठरली होती आणि बाकावर बसून, जणू काही झालंच नाही अशी, वही उघडत होती. मला ते पाहवेना.

"तिचं नाही चुकलं," मी म्हटलं. "तिनं चोवीसच केलं होतं. मी मागे उभी होते. मी खोडायला लावलं."

पालकांपैकी एक बाई छतावरच्या पंख्याकडे बघू लागल्या.

"म्हणजे मदत केलीत," मॅडम म्हणाल्या.

"हो."

"आणि तीही चुकीची." या वेळी कुणी हसलं नाही, त्यानं अधिकच लागलं. "नियमाप्रमाणे हा पेपर रद्द. दीक्षा, पुढच्या शनिवारी इथे माझ्यासमोर बसून नवा पेपर सोडवायचा. तुकडीत जागा उरली तर बघू. पालक खाली रस्त्यावर थांबतील."

मला वाटलं होतं, दीक्षाच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं दिसेल. तिनं मान वहीत घातली ती क्लास सुटेपर्यंत वर काढली नाही.

गल्लीतून चालताना ती माझ्या पुढे चार पावलं होती. मी गाठलं तेव्हा न थांबताच बोलली.

"कशाला बोललीस तू?"

"खरं होतं ते, बाळा."

"मी सांभाळलं होतं ना! माझं चुकलं म्हटल्यावर विषय संपला होता. मॅडम ओरडतात आणि विसरतात. आता सगळ्यांना कळलं, माझी आई पेपरला मागे उभी राहते. शौनक वर्षभर चिडवणार."

"तुझ्यावर आळ नको म्हणून..."

"मी घेतला होता तो. मी ठरवून घेतला होता." तिचे डोळे भरले होते, पण आवाज अगदी सपाट. "तुला पेपरच्या वेळी गप्प राहता आलं नाही, ग्रुपवर राहता आलं नाही, आणि आजही नाही."

मी तिच्यासाठी बोलले होते की मला तिथे उभं राहणं असह्य झालं म्हणून बोलले होते, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं, आताही येत नाही.

स्वारगेटला धायरीची बस लागलेलीच होती. दोघींना एकत्र बसता येईल असं एक बाक रिकामं होतं. दीक्षा ते ओलांडून पुढे गेली आणि पिशव्या मांडीवर घेतलेल्या एका आजींशेजारी बसली. मी तिच्या मागच्या सीटवर बसले. मग उठले आणि आणखी दोन सीट मागे गेले.

धायरीला उतरल्यावर ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

"पुढच्या शनिवारी माझ्याबरोबर बाबांना यायला सांग."

"त्यांना शनिवारी ऑफिस..." मी सुरुवात केली. ती नुसती बघत राहिली.

"बरं," मी म्हटलं.