कोणत्या वर्षाचा कायदा?

परीक्षा घेणाऱ्यांनो, तुम्ही माणसं एकमेकांच्या अंगावर घालता आणि स्वतः हात धुऊन बाजूला होता. करसल्लागार व्हायचं तर जन्मात तीनदाच बसू देता. निम्मे लोक पाडता. कायद्याचं बाड ज्याचं त्याने आणायचं, आणि त्यात एक पान चुकीचं निघालं तर पाप उमेदवाराचं. लेअर गावच्या विब्के हार्म्सची ही तिसरी, म्हणजे शेवटची खेप. तिचं जे झालं ते तुमच्यामुळे झालं.

ते लाल बाड उशीएवढं जाड. पानं शिवलेली नसतात, कड्यांत अडकवलेली असतात. सरकार कायदा बदलतं, प्रकाशक नव्या पानांची पुरवणी पाठवतो, मग तांदूळ निवडत बसल्यासारखं बसायचं. जुनं पान काढा, नवं घाला.

या खेपेची पुरवणी आली तेव्हा विब्केचं मनगट मुरगळलं होतं. म्हणून तिच्याच ऑफिसातला, तिच्याबरोबर अभ्यास करणारा थोरबेन आडिक्स शनिवारी घरी आला आणि तिची पुरवणी लावून दिली. ती चहा करत होती. लेअरच्या रीतीने आधी खडीसाखर, तिच्यावर चहा, वरून साय.

"जुन्या पानांचं काय करू?" त्याने विचारलं.

"टाक रद्दीत. जुनं दिसलं की मी घोटाळते. मागच्या खेपेला तशीच बुडाले."

थोरबेनने गठ्ठा उचलला आणि जाताना रद्दीच्या निळ्या डब्याकडे वळला. तिने खिडकीतून पाहिलं होतं.

पुढच्या आठवड्यात शिकवणीतून सरावाचा पेपर आला. सगळे प्रश्न गेल्या वर्षीच्या व्यवहारांवर. गेल्या वर्षीचा कायदा तिच्या बाडात उरलाच नव्हता. शिकवणीचे मास्तर म्हणाले, "बहुतेक मागचंच वर्ष विचारतात, पण शपथेवर नाही सांगत." ती निळ्या डब्याकडे धावली. डबा रिकामा. झेरॉक्स चालत नाही, प्रकाशक जुनी पानं विकत नाही. आणि बाडात एका कलमाचं एकच पान हवं. दोन सापडली तर बाड दारातच काढून घेतात.

मग तिच्या मनात पाल चुकचुकली. थोरबेनने स्वतःची जुनी पानं टाकली असतील? ऑफिसची मालकीण गेशे फोकन सगळ्यांदेखत म्हणाली होती, "पास होईल त्याला भागीदारी. पण खुर्ची एकच आहे हं." आणि खुर्चीसाठी केसाने गळा कापायला ओळखीचाच माणूस लागतो, परक्याला गळा सापडत नाही.

ती त्याच्यावर डोळा ठेवू लागली. तो फोन घेऊन जिन्यात जायचा, ती दिसली की आवाज उतरवायचा.

"कुणाचा फोन?"

"दातांचा डॉक्टर."

दुसऱ्या दिवशी पुन्हा जिना, पुन्हा कुजबुज.

"दात तरी किती आहेत रे तुला?" ती म्हणाली. तो हसला, पण कान लाल झाले.

दुपारी तो माशाचा पाव आणायला गेला तशी तिने सरळ त्याचा खण ओढला. त्याच्या बाडाखाली एक गठ्ठा. कडेला तिच्या पिवळ्या खुणा, वरच्या पानावर तिच्या चहाचा डाग. ती गठ्ठा मांडीवर घेऊन त्याच्याच खुर्चीत बसून राहिली.

"ही कुणाची?" तो परत येताच तिने विचारलं.

थोरबेनने पाव टेबलावर ठेवला. "तुझी."

"रद्दीत टाकायला सांगितली होती."

"डब्यापर्यंत गेलो. हात धजला नाही."

"आणि सांगायला तोंडही धजलं नाही? तुझ्याकडे जुनं, तुझ्याकडे नवं. मी लंगडी. गेशेबाईची खुर्ची एवढी मऊ आहे का रे?"

"विब्के, मी परीक्षेच्या कार्यालयाला फोन करत होतो. पहिली बाई म्हणाली, या वर्षीचं आणा. नंतर एक गृहस्थ म्हणाले, गेल्या वर्षीचं. काल म्हणाले, तुमचं तुम्ही बघा."

"मग हेच सांगायचं होतंस."

"काय सांगू? जुनं घाल म्हटलं आणि नवं आलं, तर जन्मभर म्हणशील, थोरबेनने बुडवलं."

"आणि आता काय म्हणणार आहे मी?"

त्याचं बोलणं खरं असेल. किंवा जिन्यात उभं राहून रचलेलं असेल. त्याच्या तोंडाकडे बघून तिला काही कळेना. तिने टेबलावरचा फोन पुढे ओढला, नंबर विचारला आणि आवाज दोघांना ऐकू येईल असा लावला.

"कोणतं बाड आणायचं याची जबाबदारी उमेदवाराची आहे," पलीकडची बाई म्हणाली.

"जबाबदारी माझीच. वर्ष सांगा."

"नियमात दिलंय."

"नियमात 'लागू असलेला कायदा' एवढंच दिलंय. कधी लागू असलेला?"

"ते आम्हाला सांगता येत नाही. आणखी काही?"

थोरबेनने 'बघ' म्हटलं नाही. मान खाली घालून तो पावाचा कागद चुरगाळत होता.

"आणखी आहे ना," विब्के म्हणाली. "माझ्या मांडीवर गेल्या वर्षीचा कायदा आहे, माझ्या बाडात या वर्षीचा. आणि समोर एक माणूस आहे, तो चोर की मित्र हे मला अजून ठरवता येत नाहीये. मंगळवारी परीक्षेला मी यातलं एकच घेऊन येणार. मी फोन ठेवत नाही. बोला, बाई. कोणतं वर्ष?"