स्वामींच्या उपरण्यावरचा लाल डाग

नजरबादच्या त्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर अंतर्यामी स्वामी गर्जत होते, "डॉक्टरांच्या मशीनला वीज लागते! आमची दृष्टी बिनविजेची!" टाळ्यांचा कडकडाट झाला. वीज गेली तर स्वामींचा माईकही बंद पडेल, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पुढच्या खुर्चीत माझा थोरला भाऊ गुंडुराव, आमचा अण्णा, सदरा काढून बसला होता. त्याच्या उजव्या फुप्फुसात वालाच्या दाण्याएवढी गाठ दिसली होती. उद्या तपासणी होती. डॉक्टर पावनींनी नीट समजावलं होतं: स्कॅनच्या चित्रांवरून कॉम्प्युटर श्वासनलिकांचा नकाशा बनवतो, तोंडातून बारीक नळी आत जाते, कुठल्या फाट्यावर वळायचं ते पडद्यावर दिसतं, आणि गाठीचा कणभर तुकडा काढता येतो. "नकाशा वाट दाखवतो. गाठ कसली, ते तुकडा तपासूनच कळेल. एखाद्या वेळी तुकडा हाती लागतही नाही," असंही त्या म्हणाल्या. अण्णानं तेवढंच धरलं आणि तो इथे आला.

स्वामींनी हळदीत रंगवलेलं वस्त्र त्याच्या छातीवर पसरलं, डोळे मिटले, तीर्थ शिंपडलं. पिवळ्या कापडावर लाल डाग उमटला! सभागृह शहारलं. मग त्यांनी डागावर लिंबू पिळलं. डाग पुन्हा पिवळा.

"गाठ जळाली! उद्याची नळी रद्द!"

अण्णाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझं डोकं फिरलं, कारण डाग पडला होता डाव्या बाजूला.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, मुकाट बसणं जमत नाही. पुढे गेले, वाकून नमस्कार केला, तीर्थाची वाटी उचलली आणि स्वामींच्याच हळदीनं पिवळ्या केलेल्या उपरण्यावर उपडी केली. छातीपासून पोटापर्यंत लालभडक!

"अय्यो! स्वामी, तुम्हाला तर पोटभर गाठ! उद्या अण्णाबरोबर चला, डॉक्टर तुम्हालाही बघतील."

कुणीतरी फिस्सकन हसलं. "हा देवीचा कोप!" स्वामी ओरडले.

लक्ष्मीदेवी वहिनीनं उठून उपरण्याचं टोक बोटांत चोळलं. "नोडी, बघा तरी, कोप कसला? ही तर ओकुळी! हळदीत चुना कालवून करतो ती. घरात नवरी आली की हेच लाल पाणी ओवाळतो नव्हे आपण?" मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही हो! रंगाऱ्याच्या घरात जन्मलात ना? हळद चुन्यानं लाल होते, लिंबानं परतते, हे मला मामंजींनीच शिकवलेलं!"

तीर्थ म्हणजे चुन्याची निवळी होती. तिथल्या निम्म्या बायकांनी हे पाणी स्वतःच्या हातानं केलेलं, आणि तरी त्या हात जोडून बसल्या होत्या.

अण्णानं मान खाली घातली. "डाग पडताच मी ओळखला गं तुंगा. पण नळीची फार भीती वाटते. हेच खरं असावं असं वाटलं."

माझा राग तिथेच विरघळला. मला त्याची फार दया आली. "भीती डॉक्टरांनाच सांगू, सरी? चालेल ना?"

सांगितली. त्यांनी त्याला औषधानं झोपवलं, नकाशा पाहत नळी गाठीपर्यंत नेली आणि तुकडा काढला. आठवड्यानं उत्तर आलं: कॅन्सर. पण लहान, न पसरलेला, ऑपरेशननं काढता येण्याजोगा. आम्ही सगळे रडलो. मग अण्णानंच ऑपरेशनची तारीख विचारली.

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी 'हे कसं केलं?' एवढं विचारा. विचारल्यानं देव रागावत नाही. न विचारल्यानं माझा भाऊ गेला असता.