खाऱ्या भुईतली सब्बल

मित्रांनो, मी एक जुनी सब्बल आहे, म्हणजे खणायची लोखंडी पहार. गोठ्याच्या कुडाला टेकून असते. कोंबड्या येऊन माझ्या अंगावर चोच घासतात. अंग गंजलं आहे, पण पोटातला राग अजून गंजलेला नाही.

परतवाड्याच्या बाजारात एका लोहारानं मोडक्या बैलगाडीच्या कण्यातून मला घडवलं. श्रावण नावाच्या शेतकऱ्यानं मला तेल्हाऱ्याकडच्या आपल्या गावी आणलं. तो सगळा खारपाणाचा पट्टा. जितकं खोल खणावं, तितकं पाणी खारट. गावात गोड पाण्याची विहीर एकच, श्रावणचा चुलतभाऊ जानराव याची. धुऱ्यावरून, म्हणजे दोघांच्या वावरांमधल्या बांधावरून, त्यांचं वाकडं आलं आणि त्यानं श्रावणच्या घराला पाणी बंद केलं.

त्याच उन्हाळ्यात श्रावण तापानं फणफणला. गोड पाणी, गोड पाणी, एवढंच बोलायचा. त्याची बायको पार्बताबाई जानरावच्या दारी गेली.

"भाऊजी, एक लोटा तरी द्या. तुमचा भाऊच हाये तो."

"धुरा कोरताना भाऊ नोयता काय? जाय वयनी, आपल्या खाऱ्या विहिरीचं पाज."

श्रावण गेला तेव्हा त्याच्या ओठांवर खारं पाणी होतं. मी दाराआड उभी होते. त्या दिवसापासून जानरावचं नाव मी माझ्या टोकावर धरून ठेवलं.

तेरवी झाली आणि पार्बताबाई गावदेवीच्या देवळात गेली. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना तिनं ओली फुलं लावली. "माय, माह्या वावरात गोड पाणी लागन काय?" उजवं फूल पडलं. म्हणजे देवीनं होकाराचा कौल दिला.

तिनं विहीर खणायचं ठरवलं, तेव्हा पारावर जानराव हसला, "वयनी मीठ पिकवून राहिली, बाप्पा!" विहीर फसली तर वावर विकून माहेरी जाण्यावाचून तिला गत नव्हती, आणि ते वावर घ्यायला तोच टपला होता.

वावरात नाल्याकाठी पार्बताबाईनं मला उचललं. सोबतीला तिचा भाऊ खुशालराव. खणता खणता ती गुणगुणायची,

खाऱ्या भुईच्या पोटी
कुठं दडला गोड झरा,
माह्या मायचा कौल खरा
येऊ दे वर.

ती देवीचं नाव घेई, मी जानरावचं. हा घाव त्याच्या दारावर, हा त्याच्या छातीवर!

पाणी लागलं. खुशालरावनं चूळ भरली आणि थुंकला.

"खारंच हाये, बाई. सोड आता."

"मायनं खाऱ्या पाण्यासाठी कौल नाई देला. आपलाच हात चुकला असन."

"आता कुठं खंदतं? पाताळात?"

तिनं नाल्याकडच्या भिंतीची ओल हातानं चाचपली. तळाचा खारा झरा चिकणमातीनं बुजवला आणि मला आडवं धरून त्या भिंतीत घातलं. तिचे तळहात फुटले, माझं अंग रक्तानं चिकट झालं. आणि एका दुपारी माझं टोक वाळूत शिरलं. गार! वाळूमागून नाल्याचं झिरपलेलं पाणी आलं. पार्बताबाईनं ओंजळ तोंडाला लावली आणि ती तशीच चिखलात बसून रडली.

विहिरीच्या पूजेला सारा गाव जमला. जानरावही आला. पार्बताबाईनं पहिला लोटा भरला आणि सरळ त्याच्यापुढं धरला.

"घ्या भाऊजी. पिऊन साऱ्या गावाले सांगा."

"मले तहान नाई."

"भेता काहून? प्या."

तो प्याला. मान वर होईना.

"बोला ना. खारं हाये काय?"

"गोड हाये."

"त्यायलेबी हेच पायजे होतं."

जानरावनं लोटा खाली ठेवला. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

पार्बताबाईनं ती विहीर कुणालाच बंद केली नाही. पुढं ती जानरावशी बोलूही लागली. मी लोखंडाची, मला ते जमलं नाही.

मित्रांनो, जमलं तर माझा गंज खरवडा, तेलाचा हात फिरवा. नाही जमलं तरी चालेल. पण पाणी मागायला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवू नका. दाराआड आम्ही उभ्या असतो, आणि आम्ही विसरत नाही.