दोरीचं दुसरं टोक

...अंगठ्याला खाच लागली. शिंगाच्या त्या गोल शिक्क्याची वरची बाजू डोळ्यांना ओळखू येत नसे. ती बोटाला कळे. तंत्रनिकेतनातून बाहेर पडताना वडिलांनी कोरून घेऊन दिलेला हा शिक्का कामोशिता आज मुद्दाम उलटा धरून बसला होता. नागोयाच्या या मुख्य कचेरीत तोंडाने ‘नाही’ म्हणायची रीत नव्हती. उलटा शिक्का उमटवायचा, समजायचे ते समजत.

प्रस्ताव एवढाच होता, की थायलंडमधल्या रायोंगच्या कारखान्याने दोष दिसताच नागोयाला न विचारता आपला उत्पादनाचा पट्टा थांबवावा. इथल्या कारखान्यात काल लागलेला कामगारसुद्धा दोरी ओढून पट्टा थांबवतो, आणि वर त्याचे आभार मानतात; तिकडेही तीच दोरी होती, कामोशितानेच जाऊन बसवलेली... “ही कोणी ओढायची?” तिथल्या विलायवनबाईंनी तेव्हा विचारलं होतं. “तुम्हीच. आधी मला विचारून.” त्या हसल्या होत्या — का, ते त्याला कळलं नव्हतं. दोरीचं दुसरं टोक तेव्हापासून त्याच्या खिशातल्या फोनला बांधलेलं. सासऱ्यांच्या अंत्यविधीत, दातांच्या दवाखान्यात तोंड उघडं असताना रायोंगचा फोन — थांबवू का, कामोशितासान? आणि ते टोक सुटलं, तर या खुर्चीत बसून आपण नेमकं काय धरायचं?

“कामोशिता, शिक्का मागितलाय, किडनी नाही,” विभागप्रमुख हानाई पलीकडून म्हणाले. “संध्याकाळी कागद वर जायचाय.”

फोन वाजला. रायोंगहून विलायवनबाई, कारखाना आता त्याच चालवत.

“जेवलात का, कामोशितासान?” त्यांची सुरुवात नेहमी तिथूनच.

“अजून नाही. काय झालं?”

“सकाळी ब्रेकच्या कड्यांवर चरा दिसला. पट्टा थांबवला, साचा बदलला. आता सुरू आहे.”

“थांबवला? कोणाला विचारून?”

“कड्यांना. तुम्हाला विचारलं असतं तर तुमचं जेवण पुन्हा राहिलं असतं. आता ओरडा, ऐकते मी.”

त्याने राग शोधला — नेहमीच्या जागी हात घालून चष्मा शोधावा तसा — तो तिथे नव्हता. कितीतरी वर्षं कानाकडे ओढलेला उजवा खांदा मात्र हळूच खाली आला.

“चरा आतल्या बाजूला होता?”

“आतल्याच.”

“मग साचाच. बरोबर केलंत.”

कोपऱ्यावरच्या दुकानात चपट्या शेवयांचा वाडगा समोर आला, वाफ चष्म्यावर बसली, तेव्हा सवयीने त्याचा हात खिशात गेला. फोन कचेरीतल्या मेजावरच राहिला होता. उठायला हवं... तो उठला नाही. बोटांना शिक्का सापडला. अंगठ्याखाली तो सावकाश फिरू लागला — खाच वर, खाच खाली, पुन्हा वर... संध्याकाळ व्हायला अवकाश होता, आणि शेवया अजून गरम होत्या.