रजेतले नऊ दिवस

आमच्या जीजेल शहरातल्या बुचांच्या कारखान्यात झुलीखा आणि मी एकाच टेबलावर बसतो. फुटकी बुचं वेगळी काढायची, एवढंच काम. तिची आई, आमची महबूबा मावशी, मार्चमध्ये वारली. मावशी बायकांच्या बैठकीत डफ घेऊन नबींच्या, पैगंबरांच्या, कथा गायची. रोगाने सडलेल्या अयूब नबीची कथा तर अशी गायची, की त्याच्या अंगातले किडे आपल्याच अंगावर चालतायत असं वाटावं. सीदी मसऊद पीराच्या डोंगरावर मे आणि जूनमध्ये मेळा भरतो, तिथे ती कथा गाईन, असा नवस ती बोलली होती. तो राहिला. आईच्या जागी तो फेडायला झुलीखाने मे महिन्यात रजा टाकली आणि पहिल्याच दिवसापासून नऊ दिवस तापाने आडवी झाली.

रजेत आजारी पडलं तर ते दिवस रजेतून जात नाहीत. रजा तिथे थांबते, आजारपण धरलं जातं, उरलेली रजा मागाहून मिळते. फक्त डॉक्टरचा दाखला दोन दिवसांत ऑफिसात पोचला पाहिजे. युनियनचं काम मी बघते, म्हणून तो मीच नेऊन दिला. नऊ दिवस परत मिळाले तर जूनच्या मेळ्याला ती डोंगरावर जाऊ शकणार होती. नाहीतर पुढचं वर्ष.

ती कामावर आली त्याच दिवशी सी तय्यबने आम्हां दोघींना बोलावलं. सी म्हणतो ते मानाने; हा आमचा हजेरीचा कारकून, वीस वर्षं त्याच खुर्चीत. विम्याचा डॉक्टर पाचव्या दिवशी तिच्या घरी जाऊन आला होता. पेशंट खरंच अंथरुणात आहे की कुणाच्या लग्नात नाचतोय, हे बघायला तो न सांगता येतो. त्याचा अहवाल सी तय्यबने वाचून दाखवला. पेशंट घरी. ताप एकोणचाळीस, ग्लानीत. दार पेशंटच्या आईने उघडलं. वृद्ध, हातात डफ, गात होती. बूट बाहेर काढायला लावले.

मी झुलीखाकडे बघितलं. ती टेबलाच्या कडेकडे बघत होती.

सी तय्यब म्हणाला, आई वारल्याची तीन दिवसांची सुट्टी मार्चमध्ये त्याने स्वतः मांडली आहे. एकाच फायलीत बाई मेलेलीही आणि दार उघडणारीही, असा कागद वर गेला तर एकतर ती सुट्टी खोटी ठरेल, नाहीतर आजारपण. मग माझ्याकडे वळला. शेजारीणच आहेस, दार मी उघडलं असं लिहून दे. डॉक्टरची समजण्यात चूक झाली. झुलीखाने खाली सही केली की नऊ दिवस तिचे.

पण डॉक्टर सकाळी दहाला आला होता, आणि दहाला मी कारखान्यात होते. माझी हजेरी सी तय्यबनेच लावली होती. शिवाय मला आणखी एक माहीत होतं. रोज संध्याकाळी घरात एकट्या असलेल्या झुलीखासाठी मी शोरबा नेऊन ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी भांडं धुऊन पालथं घातलेलं असायचं. जिला उठून पाणी पिता येत नव्हतं, तिने ते कसं धुतलं, हे मी एकदाही विचारलं नाही. अल्लाह माफ करो, मला धीरच झाला नाही.

नवसासाठी एवढं खोटं चालेल, असं मनाला सांगून मी पेन उचललं.

"ठेव ते," झुलीखा म्हणाली.

"अगं, तुझा हक्क आहे."

"आजारी असते तर हक्क. मी रजेवरच होते, आईजवळ. डॉक्टर चुकला असं मी लिहू? माझ्याशिवाय तो एकटाच तर आहे, ज्याने माझ्या यम्माला बघितलं."

सी तय्यबने समजावलं, चिडला, वेडी म्हणाला, नवसाची आठवण करून दिली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग अर्जावर लिहिलं, की आजारपणाची मागणी मागे घेते, नऊ दिवस रजेत धरावेत. सही केली. अहवाल मात्र फाडायचा नाही, वर न पाठवता फायलीतच ठेवायचा, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

त्याने फाइल मिटली, पण हात वरून काढला नाही. आम्ही उठलो तेव्हा हळूच विचारलं, "पोरी, अजून येते का गं ती?"

झुलीखाने डोक्याचा रुमाल नीट केला.

"पुढच्या वर्षीच्या मेळ्यापर्यंत थांबते म्हणाली," ती म्हणाली, आणि कामाच्या टेबलाकडे चालू लागली.