मी आभाळाची दुर्बीण, ऑपरेशनची नव्हे

मी दुर्बीण बोलतेय. ऑपरेशनची नाही, आभाळाची. हे आधीच सांगून टाकते, कारण या एका शब्दापायी मी या घरात यायच्या आधीच इथं अबोला येऊन बसला होता.

त्याआधी मी पुण्यातल्या एका दुकानात होते. शेजारी माझ्या दोन बहिणी. थोरली मांडीएवढी जाड, धाकटी थर्मासएवढी. गिऱ्हाइकं यायची आणि थेट थोरलीला हात लावायची. माणसांना टीव्ही, नारळ आणि दुर्बीण मोठीच लागते. दिसतं काय, हा प्रश्न नंतरचा.

मग यशोधरा आली. ती आणि तिचा नवरा राजरत्न नारायणगावात फोटो स्टुडिओ चालवतात. लग्नाचे अल्बम जुळवण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. दुकानदार थोरलीची आरती ओवाळायला लागला, तर ही म्हणाली, "भाऊ, मला मृगातला तेजोमेघ काढायचाय. हिच्यात त्याचं नुसतं नाक येईल. धाकटीत तो ताटातल्या शितागत दिसेल. मला नवरा-नवरी पुरती पाहिजेत, पण मंडपवाला नको."

मग तिनं मला उचललं. समोरच्या बिल्डिंगवर ऊन चमकत होतं, तिथली टाकी माझ्यातून पाहिली. हलक्या भिंगात उजळ वस्तूच्या कडेला जांभळी झालर दिसते. माझ्यात दिसली नाही, माझं खानदान चांगलं आहे. मग माझं वजन विचारलं. "स्टँडला पेलली पाहिजे. डुलली तर चांदण्यांच्या शेवया होतील."

घरी विचार करते म्हणून ती गेली आणि दोन दिवसांनी अंगणातून दुकानदाराला फोन केला. पुढचं मला लंकाबाईच्या तोंडून कळलं. लंकाबाई म्हणजे शेजारीण. तिचे कान माझ्या भिंगापेक्षा तेज आहेत. भिंतीपलीकडं कुरडया वाळत घालता घालता तिनं ऐकलं ते इतकंच: "हो, दुर्बिणीचं पक्कं. मोठी नको, मला झेपायची नाही. शनिवारी येते. घरी अजून बोलले नाही."

इकडं 'दुर्बीण केली' म्हणजे बाईनं मूल बंद व्हायचं ऑपरेशन केलं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. लंकाबाई कुरडया तशाच टाकून यशोधराच्या सासूकडं, बायडाबाईकडं धावली.

"बायडे, तुझी सून दुर्बीण करतीय गं! एकबी मूल न होता!"

लग्नाला तीन वर्षं झालेली. बायडाबाईनं वाण्याकडून पाव किलो हळद आणवली.

शनिवारी यशोधरानं मला एसटीतून आणलं. धक्का लागू नये म्हणून खोकं शालीत गुंडाळून पोटाशी धरलेलं, आणि चाल सावकाश. दारात उभ्या बायडाबाईला आणखी काय पुरावा हवा? तिनं हळद घातलेलं दूध पुढं ठेवलं, खाटेकडं बोट केलं आणि म्हणाली, "पड." पुढं पाच दिवस हळददूध वेळेवर येत होतं, शब्द मात्र एक नाही.

यशोधराला वाटलं, आत्यांचा, म्हणजे सासूबाईंचा, राग या दुर्बिणीवर, माझ्यावर आहे. बुधवारी ती राजरत्नला म्हणाली, "परत देऊन येते. सात दिवसांत घेतात. त्या बोलत नसतील तर चांदण्या घेऊन करायच्यात काय?"

खोक्यात माझ्या भिंगाला घाम फुटला.

गुरुवारी सकाळी ती खोक्याला सुतळी बांधून मला उचलायला वाकली, तोच बायडाबाई ओरडली, "आगं, जड उचलू नगंस! टाकं उसवतील!"

"कसले टाके, आत्या?"

"दुर्बिणीचं."

"दुर्बीण तर ही काय, खोक्यात!"

"आता गं बया! मशीनच घरी आणलीस व्हय?"

भिंतीवर लंकाबाईचं डोकं उगवलं. यशोधरानं सुतळी तोडली, मला बाहेर काढलं आणि सासूच्या हातात दिलं. बायडाबाईनं मला मागून पुढून पाहिलं. आधी हसली, मग पदर डोळ्याला लावला. "तीन वर्सं पोराचं इचारीन इचारीन म्हणती. जीभ रेटंना."

"विचारायचं की. आमचंच अजून ठरलं नाही. ठरलं की तुम्हाला लंकामावशीच्या आधी कळेल."

"म्हंजी मला कवा?" भिंतीवरून आवाज आला.

त्या रात्री जेवणं उरकून सगळे गच्चीवर आले. मृग पश्चिमेकडं कलला होता. यशोधरानं मला स्टँडवर बसवलं, मागं कॅमेरा लावला आणि थोड्या वेळानं लॅपटॉपवर चित्र उमटलं. तेजोमेघ पुरता मधोमध, चारी बाजूंना थोडं आभाळ.

"गुलाल उधळल्यावानी हाय की," बायडाबाई म्हणाली. "काय गं हे?"

"इथं तारे जन्मतात, आत्या."

तिनं पडद्याजवळ नाक नेऊन बघितलं. मग कठड्याशी जाऊन साऱ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडली, "लंके, ये बघाया! आमच्या सुनंनं दुर्बीण केली!"

आता मी इथलीच. दिवसा कपाटात, रात्री गच्चीवर. बायडाबाई मला पुसायला कुणाला देत नाही. माझी विनंती एकच, तीही लंकाबाईंना. बाई, आमच्या घरात काय चाललंय ते दिसावं म्हणून भिंतीवर जो मोठा बल्ब लावलाय, तो तेवढा मालवा. फोटो पांढरे पडतात. आणि त्याचा आता उपयोगही नाही, तुम्ही रोज रात्री आमच्याच गच्चीवर तर असता.