अठरा पौंड हवा

आमच्या कळंब्याच्या घरावर कौलं होती, त्यामुळं वर पाण्याची टाकी बसवायची सोय नव्हती. अप्पांनी सत्त्याण्णव साली अंगणातल्या हौदाला मोटार जोडली आणि न्हाणीमागं एक निळी लोखंडी टाकी उभी केली. नळ सोडला की पाणी दणकून येई. अव्वाच्या, म्हणजे आईच्या, मोगऱ्याच्या वाफ्यांना लांबच्या टोकापर्यंत पाइप पोचे. अप्पांचं जन्मभराचं कामच ते, पंप बसवायचं. शंकरप्पा मिस्त्री म्हटलं की अख्ख्या कळंबा रोडला ठाऊक. गिऱ्हाइकाला ते तासभर समजावून सांगत. घरात मात्र आम्ही कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. पाणी येत होतं, झालं.

दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. व्हय, न्हाय आणि आणखी चार-दोन शब्द, तेही ओढूनताणून. आम्ही त्यांची सेवा करत होतो, पण त्यांच्याशी बोलणं म्हणजे ‘जेवलात का’ आणि ‘दुखतंय का’ एवढंच राहिलं होतं.

पुढच्या एप्रिलमध्ये मोटार बिघडली. नळ जरा सोडला की मोटार चालू, लगेच बंद, परत चालू. टक् टक्, टक् टक्. आठवड्यात ती जळाली. आकाराम नावाचा नवा मेकॅनिक आला. त्यानं मोटार नव्या तारेनं भरून आणली, चालू-बंद करणारा स्विच बदलला, पण टकटक काही थांबेना. शेवटी तो म्हणाला, “काकू, ही टाकीच काढून टाकूया. थेट मोटारीवर चालवा.”

थेट मोटारीवर म्हणजे दर वेळी उठून बटण दाबायचं. अप्पांना उचलता-बसवताना तिचे गुडघे आधीच गेले होते.

त्याच दिवसांत अप्पा एक नवीन शब्द बोलायला लागले. “हवा.” कॉटवर पडल्या पडल्या, कपाळावर शिरा ताणून. “हवा... हवा.” उन्हाळा कडक होता. मी पंखा वाढवायची, अव्वा खिडकी उघडायची. ते डोळे मिटून घेत आणि थोड्या वेळानं परत, “हवा.” डॉक्टरांनी छाती तपासली, श्वास ठीक आहे म्हणाले. असे अकरा दिवस गेले.

शुक्रवारी दुपारी बायडाबाई मोगरा न्यायला आल्या. नवऱ्याच्या माघारी नाक्यावरचं पंक्चरचं दुकान त्याच चालवायच्या. ट्रकचं चाकसुद्धा एकट्या उतरवायच्या. त्या फुलं मोजत असतानाच आतून आवाज आला. मी पंख्याकडं धावले.

“अगं विद्या, फॅन फुल हाय की,” बायडाबाई म्हणाल्या. मग सरळ आत जाऊन कॉटशी वाकल्या. “मिस्त्री, कशातली हवा?”

अप्पांचे डोळे चमकले. डावा हात उचलून त्यांनी न्हाणीच्या दिशेनं दाखवला.

“टाकीत हवा असती?”

“व्हय!”

इतका स्पष्ट ‘व्हय’ आम्ही सहा महिन्यांत ऐकला नव्हता. बायडाबाई मागं गेल्या, टाकीच्या डोक्यावरचं काळं टोपण फिरवलं आणि तिथूनच ओरडल्या, “आवो अक्का, हा तर स्कूटरच्या ट्यूबचा वॉल हाय!” त्यांनी नखानं वॉल दाबला. ना हवा आली, ना पाणी. परत येऊन त्यांनी तसं सांगितलं. “पाणी न्हाय आलं. म्हंजे आतला रबर शाबूत?”

“व्हय.”

“रबराच्या पिशवीत पाणी, आन् पिशवीच्या भायेर हवा? ती हवा पाणी ढकलती, म्हणून मोटारीला बसायला मिळतंय?”

अप्पा मान हलवत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते हसत होते.

बायडाबाई दुकानातून पायपंप आणि हवा मोजायचं घड्याळ घेऊन आल्या. खिडकीतून अप्पांना दिसेल अशी मी कॉट सरकवली. त्या पंप लावणार एवढ्यात अप्पा ओरडले, “न्हाय! न्हाय!”

“का? मोटार बंद करू आधी?” “व्हय.” “आन् पाणी सगळं सोडू?” “व्हय, व्हय.”

वाफ्याकडचा नळ सोडून आम्ही टाकी रिकामी केली. मग बायडाबाईंनी पाय मारायला सुरुवात केली. किती भरायची, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या आकडे विचारत गेल्या. तीस? न्हाय. पंचवीस? न्हाय. वीस? अप्पांनी हात थोडा खाली केला. अठरा? “व्हय.” स्विच जुना असो की नवा, दाब वीस पौंडांवर उतरला की तो मोटार चालू करतो, म्हणून हवा त्याहून दोन पौंड कमी. हे कारण मला पुढं आकारामनं सांगितलं.

मोटार लावली. ती एका दमात चालली आणि शांत झाली. अव्वानं नळाखाली बादली धरली. बादली भरली, मोटार गप्प. दुसरी अर्धी झाली तेव्हा कुठं ती सुरू झाली.

अव्वा आत गेली आणि अप्पांच्या पायाशी बसली. “अकरा दिवस तुम्ही सांगत होता, मी ऐकलं न्हाय,” एवढंच म्हणाली. अप्पांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. मग ती उठली आणि बायडाबाईंना मिठी मारून रडली. बायडाबाईंचे हात ग्रीसनं काळे होते. ते त्यांनी लांब धरले आणि म्हणाल्या, “लुगडं खराब हुईल की, अक्का!”

मी आकारामला सगळं सांगितलं. मला वाटलं, त्याला राग येईल. दुसऱ्या सकाळी तो वही घेऊन आला आणि स्टूल ओढून कॉटजवळ बसला. “मिस्त्री, सानेगुरुजी वसाहतीत एक टाकी हाय. वॉल दाबला की पाणीच येतंय. रबर फाटला असंल?”

“व्हय.”

“नवा बसतोय?”

अप्पांनी मान डोलावली आणि बोटानं त्याला वही उघडायला लावली. त्या दिवशी दीड तास त्यांचं चाललं होतं. अव्वानं दोघांसाठी चहा टाकला, आणि दुधाची पिशवी संपली म्हणून मला दुकानाला पिटाळलं.